चार नंबरची उदबत्ती

सकाळी पावणेसातला मी चार नंबरच्या मशीनपुढं उभी राहून उदबत्ती पेटवत होते आणि ती काही केल्या पेटत नव्हती. शेडमध्ये अजून कुणी आलं नव्हतं. वर पत्र्यावर कबुतरांची पावलं वाजत होती. तिसऱ्या काडीला एकदाची पेटली. मशीनच्या कपाळावर चिकटवलेल्या अंबाबाईच्या चित्रासमोर मी ती तीनदा ओवाळली, रिकाम्या ऑइलच्या डब्याच्या भोकात खोचली आणि हात जोडले. हिंदुराव मेस्त्री करायचे तसंच सगळं केलं. एवढं झाल्यावर मशीन चालायला काहीच हरकत नव्हती.

साल सत्त्याण्णव. मी तेहतीस वर्षांची होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात भूपालअण्णा मगदुमांची शेड होती आणि तिच्यात सहा जुने ऑटोमॅटिक लेथ होते. कॉम्प्युटरचं नाव नाही. मशीनच्या बाजूनं एक दांडा सावकाश फिरायचा आणि त्या दांड्यावर भाकरीएवढ्या, कडेनं वेड्यावाकड्या कापलेल्या पोलादी चकत्या बसवलेल्या असायच्या. त्या चकत्या म्हणजे कॅम. कॅमची कड जिथं उंच, तिथं हत्यार पुढं सरकून फिरत्या सळईत घुसायचं. कड उतरली की मागं यायचं. दांड्याचा एक फेरा झाला की एक पिन तयार होऊन खट्कन ट्रेमध्ये पडायची. कॅम बरोबर असली की मशीन दिवसभर एकसारख्या पिना द्यायचं, आणि चुकलेली असली की दिवसभर एकसारखी चूक करायचं. बिचाऱ्याला स्वतःची अक्कल नव्हती.

ह्या कॅम मी करायचे. पोलादी पत्र्यावर आखायच्या, करवतीनं कापायच्या आणि मग फाइलनं घासत घासत मापाला आणायच्या. आधी माझे वडील, बाबू लोहार, त्याच टेबलावर हेच काम करायचे. ते गेले आणि महिन्याभरात मी त्यांचं टेबल मागायला अण्णांकडं आले. अण्णांनी वडिलांच्या टेबलाकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "एक कॅम करून दाखव. मेस्त्री मशीनला लावतील. पिन मापात पडली तर ऱ्हा, न्हाईतर माझ्यावर रागवायचं न्हाई."

ती माझी पहिली कॅम. चार नंबरवर क्लचची एक पिन व्हायची, तिची. पिनेला दोन खाचा, पहिली उथळ आणि दुसरी खोल, म्हणून कॅमला दोन उंचवटे. मेस्त्रींनी लावली, पिन मापात पडली, मी राहिले. पुढं अण्णांनीच तिच्यावर लाल रंगानं 'शालन' असं नाव घातलं आणि भिंतीवर तिला स्वतंत्र खिळा दिला. कुणी पाहुणा आला की अण्णा त्याला त्या खिळ्यापाशी न्यायचे. "आमच्या शालनची पहिली कॅम. अकरा वर्षं झाली, परत फाइल लावाय लागली न्हाई." पाहुणा मान डोलवायचा आणि मी टेबलावर उगाच खाली मान घालून घासत बसायचे. बायका सोन्याच्या पाटल्यांकडं बघतात तशी मी त्या कॅमकडं बघायचे. गर्व होता, कशाला खोटं बोलू?

मशीनचं सेटिंग मात्र मेस्त्रींचं. कॅम बसवायची, हत्यारं बांधायची, पहिली पिन काढायची हा सेटरचा मान. तो चालू असताना त्याच्या खांद्यावरून बघायचं नाही, हा आमच्या शेडचा रिवाज होता. कॅमवरच्या झाकणाला कुलूप असायचं आणि किल्ली सेटरच्या खिशात. बाकीची पाच मशीनं मेस्त्री सगळ्यांदेखत, गप्पा मारत सेट करायचे. चार नंबरचं काम असलं की मात्र पहाटे उठून साडेसहाला हजर. आम्ही आठला पोचायचो तेव्हा उदबत्ती संपत आलेली आणि मशीन चालू असायचं. काम संपलं की संध्याकाळी सगळे गेल्यावर कॅम काढून खिळ्याला लावायचेही तेच.

"मेस्त्री, बाकीच्या पाच मशिनी काय सावत्र हायत?" मी चिडवायचे.

"चार नंबर देवीचं हाय," ते म्हणायचे. "तिचं तिला द्याय लागतंय."

आणि आता मेस्त्री मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरी बसले होते. महिनाभर तरी येणार नव्हते. आदल्या दिवशी अण्णांनी मला बोलावून किल्ली हातात दिली होती. "शनिवारी पिना न्यायला गाडी येणार. चार नंबर तू सेट कर. जमलं तर मेस्त्रींच्या मागं सेटर तूच. न्हाई जमलं तर मला भायेरनं माणूस बघाय लागंल."

उद्यमनगरात तोवर बाई सेटर झालेली मी तरी ऐकली नव्हती. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की मंगळवारची रात्र मी कूस बदलत काढली.

बुधवारी, उदबत्ती खोचून झाल्यावर, मी माझी कॅम खिळ्यावरून काढली, पुसली, दांड्यावर बसवली. हत्यारं बांधली. मशीन चालू केलं. सळई फिरायला लागली, तिच्यावर तेलाची धार सुटली आणि पहिली पिन ट्रेमध्ये पडली. मी ती फडक्यानं पुसून मापाचा गेज लावला. पहिली खाच नेमकी. दुसरी उथळ. पाव मिलिमीटर कमी.

पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं कुणाला वाटेल. पण त्या खाचेत एक कडी बसायची, आणि खाच उथळ असली तर कडी बसत नाही. मी स्क्रू फिरवून हत्यार पाव मिलिमीटर पुढं घेतलं. दुसरी पिन. आता दुसरी खाच बरोबर आणि पहिली जास्त खोल. दोन्ही खाचा एकाच हत्यारानं व्हायच्या, त्यामुळं एक धरली की दुसरी सुटायची. हत्यार बदललं. धार लावून बघितली. सळईची पकड सोडून परत आवळली. दांड्याला हात लावून हलतोय का बघितलं. आठ वाजले तेव्हा डब्यात चाळीसेक पिना टाकाऊ पडल्या होत्या.

दिनकर पोवार आला. सळया भरायचं आणि मशीनवर लक्ष ठेवायचं काम त्याच्याकडं. माणूस मनानं चांगला, पण तोंडाला टाळा नाही. डब्यात डोकावला आणि म्हणाला, "लोणचं घालायचंय काय ह्या पिनांचं?"

"दुसरी खाच उथळ येतीय. काय केलं तरी उथळच."

त्यानं मशीनकडं बघितलं, मग ऑइलच्या डब्यातल्या उदबत्तीच्या काडीकडं. वाकून राखेचा वास घेतला. "ही कसली लावलीस?"

"चंदनाची. घरात हुती ती आणली."

"मग बरोबर हाय की! मेस्त्री मोगऱ्याची लावत्यात. अकरा वर्षं झाली मोगऱ्याचा वास घेतोय मी. देवीला सवय मोगऱ्याची आणि तू चंदन लावतीयास."

"गप ऱ्हा दिनकर."

तो गप राहिला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मोगऱ्याचा पुडा घेऊन आला. आणि मी, गेज हाताळणारी, अर्ध्या केसाएवढा फरक बोटानं ओळखणारी बाई, मी मोगऱ्याची उदबत्ती पेटवली, ओवाळली आणि परत मशीन चालू केलं. आज सांगताना लाज वाटते. दुसरी खाच उथळच आली, हे वेगळं सांगायला नको.

दुपारपर्यंत नाकी नऊ आले. एक गोष्ट मात्र मी तपासली नाही. मशीनचा प्रत्येक नट सोडून बघितला, पण कॅमला माप लावलं नाही. कॅम माझी होती. तिला काय झालंय? तीच तर एक गोष्ट ह्या शेडमध्ये अकरा वर्षं न चुकलेली होती.

चारला अण्णा आले. डबा बघितला, रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. "मेस्त्रींना इचारून ये," म्हणाले. "उद्यापासनं पिना पडाय पायजेत. न्हाईतर इचलकरंजीत एक सेटर हाय वळखीचा, त्याला सांगावा धाडतो."

विचारायला जाणं म्हणजे जमलं नाही असं कबूल करणं. तरी गेले. मेस्त्री कसबा बावड्यात राहायचे. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, अंगात बंडी, पडवीत आरामखुर्चीत पाय पसरून बसले होते. मामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. ते डोळा मिटून ऐकत होते.

"कुठली खाच?" त्यांनी विचारलं.

"दुसरी."

त्यांनी मिटलेला डोळा उघडला. मग हळूच म्हणाले, "उदबत्ती लावलीस काय गं?"

"लावली. आधी चंदनाची, मग दिनकरनं मोगऱ्याची आणली तीबी लावली."

मेस्त्री हसायला लागले. पोट धरून हसले, खुर्ची करकरायला लागली. मामी आतून धावत आल्या. "अवं, हसू नका! डॉक्टर काय म्हणालाय? टाका तुटंल."

"जा, माझा उदबत्तीचा डबा आण आतनं," मेस्त्री म्हणाले, आणि त्यांचं हसू एकदम थांबलं.

डबा पत्र्याचा, लांबट. ते रोज पिशवीतून घेऊन यायचे तो. त्यांनी झाकण काढलं, उदबत्त्या बाजूला सारल्या आणि तळातून मेणकापडात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. बोटाच्या पेराएवढी पोलादी पट्टी होती. जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगची, दोन्ही टोकं आत वाकवलेली. मी ती दोन बोटांत धरली आणि मला तिची जाडी कळली. पाव मिलिमीटर.

"दुसऱ्या उंचवट्यावर बसती ती," मेस्त्री म्हणाले. "टोकं कडेला अडकवायची, कथलाचा थेंबभर डाग द्यायचा, की हलत न्हाई."

मी पट्टी उलटसुलट करून बघितली. कॅमचा तो उंचवटा मी फाइलनं जास्त घासला होता. घासलेलं पोलाद परत येत नाही. अशी कॅम भंगारात टाकायची असते.

"पयल्या दिवसापासनं?" मी विचारलं.

"पयल्या दिवसापासनं. तुझा बाप जाऊन म्हैना झाला नव्हता. अण्णा मागं उभं. पिन पडली, मी गेज लावला, तर खाच उथळ. तू माझ्याकडं बघत हुतीस. मी म्हटलं, अण्णा, हत्यार सैल हाय, तुम्ही जरा च्या घेऊन या. आणि तुला पाणी आणाय लावलं."

ते पाणी मला आठवलं. तांब्या भरून आणला होता आणि मेस्त्री प्यालेच नव्हते.

"तवा ऑइलच्या डब्याचा पत्रा कापून लावला. तो दबायचा, म्हणून मग ही स्प्रिंग केली. खरं ही लावायची, काढायची म्हंजे अर्धा तास झाकण उघडं. कुणी बघितलं तर? म्हणून उदबत्ती. पूजा करणाऱ्या माणसाजवळ कोण येत न्हाई."

मला राग आला. आभार मानायचे सोडून राग आला, कारण त्या खिळ्याकडं बघून मी अकरा वर्षं ताठ मानेनं चालले होते. "नंतर का न्हाई सांगितलं? मी दुसरी करून दिली असती."

"सांगणार हुतो. तवर अण्णांनी तुझं नाव घातलं रंगानं. मग कुठल्या तोंडानं सांगू?" ते खुर्चीत जरा उठून बसले. "आणि हे बघ शालन, तिच्यानंतर तू शंभरावर कॅमा केल्यास. एकीलाबी पट्टी लागली न्हाई. मग त्या एकीचं काय घेऊन बसायचं? ही घे. उद्या बसव, पिना पाड. कुणाला कळायचं न्हाई."

मामींनी जेवून जा म्हटलं. मी थांबले नाही.

गुरुवारी साडेसहाला मी शेडमध्ये होते. झाकण उघडलं, पट्टी बसवली, डाग दिला. सगळं मिळून अर्धा तास लागला, मेस्त्री म्हणाले होते तेवढाच. उदबत्ती लावली नाही. पहिलीच पिन मापात पडली. दोन्ही खाचा नेमक्या. जिवात जीव आला, पण ती पिन मला माझी वाटेना.

आठला अण्णा आले. ट्रेमधल्या पाच-सहा पिना स्वतः गेजला लावून बघितल्या. चेहरा खुलला. दिनकरला म्हणाले, "बघ! जमलं का न्हाई?" आणि मशीनच्या झाकणावर प्रेमानं थाप मारून म्हणाले, "शेवटी कॅम कुणाची हाय!"

गप्प बसले असते तर तिथंच सगळं झालं असतं. सेटर झाले असते, मेस्त्रींचं नाव राहिलं असतं, माझा खिळा राहिला असता. फक्त प्रत्येक वेळी मला साडेसहाला येऊन उदबत्ती लावावी लागली असती.

मी मशीन बंद केलं आणि झाकण उघडलं.

"अण्णा, हे बघा. ही पट्टी मेस्त्रींची. कॅम चुकलेली हाय. अकरा वर्षांमागं मीच चुकवलेली. मला काल कळलं."

अण्णा वाकून बराच वेळ बघत राहिले. दिनकरनं तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं.

"म्हंजे मेस्त्रींनी मला..."

"व्हय. माझ्यासाठी."

"चाललं हुतं की सगळं. मला आता का सांगतीस?"

"उद्या मी आजारी पडले तर दिनकरनं किती उदबत्त्या लावायच्या?"

अण्णा हसले नाहीत. "तुला सेटर करतो म्हणालो हुतो," एवढंच म्हणाले.

"म्हणाला हुता."

"बघू आता." आणि ते ऑफिसात निघून गेले.

पिना पडत राहिल्या. पट्टीच्या जोरावर शनिवारची गाडी भरून गेली. इचलकरंजीच्या माणसाला निरोप गेला की नाही, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रविवारी सुट्टीच्या दिवशी मी टेबलावर नवा पत्रा घेतला. वडिलांची जुनी फाइल काढली. दुसऱ्या उंचवट्याजवळ आल्यावर फाइलचे दोन हात मारले की माप घेतलं. सोमवारी संध्याकाळी पोलाद तापवून त्याला पाणी दिलं, मंगळवारी ती चार नंबरवर चढवली. जुन्या कॅमवरचं लाल नाव मी रॉकेलच्या फडक्यानं पुसलं आणि तिला भंगारच्या पेटीत टाकलं. टाकताना वाईट वाटलं, पण हात थांबला नाही.

अण्णा आले. नव्या कॅमच्या वीस पिना त्यांनी एक एक करून गेजला लावल्या. विसावी खाली ठेवली आणि म्हणाले, "झाकणाची किल्ली तुझ्याकडंच ठेव."

एवढंच. मी किल्ली मुठीत घट्ट धरून ठेवली. जाता जाता ते थांबले. "मेस्त्रींना मी काय बोलणार न्हाई. त्या दिवशी च्या प्यायला मीच गेलो हुतो."

मेस्त्री परत यायच्या दिवशी चार नंबरचंच काम होतं. त्यांना मी अजून काही सांगितलं नव्हतं. बावड्याला दोनदा निघाले आणि दोनदा वाटेतून मागं फिरले. त्यांची अकरा वर्षांची लबाडी मी त्यांना न विचारता उघडी केली होती. त्या सकाळी साडेसहालाच शेडवर गेले. ते माझ्याआधी पोचले होते. जाड भिंगाचा चष्मा, हातात पिशवी, आणि झाकणाच्या कुलपाकडं बघत उभे.

"मेस्त्री, पट्टी लागणार न्हाई," मी म्हटलं आणि किल्ली पुढं केली.

त्यांनी झाकण उघडलं. नव्या कॅमच्या कडेवरून अंगठा फिरवत नेला. पहिला उंचवटा, उतार, दुसरा उंचवटा. तिथं अंगठा थांबला, परत मागं आला, परत पुढं गेला.

"अण्णांना सांगितलंस?"

"सांगितलं."

"माझंबी नाव?"

"तुमचंबी."

त्यांनी झाकण लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात परत दिली. माझ्याकडं बघितलं नाही. पिशवीतून पत्र्याचा डबा काढला, एक उदबत्ती घेतली आणि काडेपेटी शोधायला लागले.

"मेस्त्री, आता कशाला? कॅम बरोबर हाय आता."

"अकरा वर्षं अंबाबाईला आडोशाला धरली, शालन. नोकरीचं सात म्हैनं ऱ्हायल्यात माझं. तेवढं तरी खरी लावू दे."

त्यांचा डोळा अजून सरावला नव्हता. काडी उदबत्तीच्या टोकाला लागेना. मी त्यांचं मनगट धरलं आणि काडी टोकाशी नेली.